देवाच्या पोळाची मालकीण

"जाहिरात निघाली का गं?"

दिवाळी सरली तसा हा एकच सवाल बेलखेडात त्रिवेणीच्या मागं लागला होता. नळावर बाया विचारायच्या. गिरणीत पिठाच्या धुरळ्याआडून कुणीतरी विचारायचं. महादेवाच्या पायरीवर उन्हाला बसलेले म्हातारे तिला लांबून बघितलं की नुसती काठी उचलायचे, आणि ती मान हलवायची. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, संक्रांतीची वाणं लुटून झाली. माघ लागला, आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की आता कुणीच विचारत नाही. विचारत होते तेव्हा तिला झोंबायचं. विचारायचं थांबले ते जास्त झोंबलं.

जाहिरात पुण्याच्या एका संस्थेची. गावरान गुरांचं वाण राखणाऱ्या गावांना ती संस्था दरसाल अनुदान देते. दिवाळीच्या मागंपुढं जाहिरात निघते, आणि निघाली की अर्जाची मुदत डोळ्याचं पातं लवतं तशी सरते. मागच्या साली त्रिवेणीला कळलं तोवर मुदत उलटली होती. म्हणून यंदा तिनं पक्कं केलं होतं की जाहिरातीची वाट बघत बसायचं नाही, अर्ज आधीच तयार ठेवायचा. मागच्या सालचा नमुना तिनं गंगाखेडहून छापून आणला आणि एकेक रकाना भरायला घेतला.

त्रिवेणी गावची पशुसखी. शेळ्यांना लस टोचावी, अडलेल्या म्हशीपाशी रात्र काढावी, आपल्या हाताबाहेरचं असलं की राणीसावरगावच्या दवाखान्यात राजेश्री मॅडमना फोन लावावा, हे तिचं काम. गुरांच्या अंगावरून हात फिरवला की तिला त्यांच्या पोटातलं कळायचं. माणसांचं मात्र तिला उशिरा कळायचं, असं सासू म्हणायची.

आणि अर्ज होता पोळाचा.

बसवंतअप्पांनी वडील वारले त्या साली आपल्या गोठ्यातला सगळ्यात देखणा गोऱ्हा महादेवाला सोडला होता. मांडीवर त्रिशूळाचा डाग दिला, गळ्यातलं दावं काढून देवापुढं ठेवलं, आणि 'जा बाबा' म्हणून पाठ फिरवली. तेव्हापासून तो देवाचा पोळ. त्याला वेसण नाही, दावं नाही, ठाणं नाही. रंग काकवीसारखा गर्द लाल, डोळ्यांभोवती काजळ भरल्यासारखी काळी कडी, कान लांब, कपाळ रुंद, असल कंधारी. ज्याच्या रानात शिरेल त्यानं चार घास खाऊ द्यावेत, हात जोडावेत आणि मग पुढच्या बांधावर काढून द्यावा. नुकसानीचा हिशेब कुणी मांडायचा नाही. 'देवानं खाल्लं' म्हणायचं आणि विषय मिटवायचा. त्रिवेणीची सासू गौराबाई सूप हातात घेतलं की गुणगुणायची,

देवाच्या पोळाला, न्हाई दावं न्हाई खुटा
उभ्या शिवारात बाई, त्याच्या पायाखाली वाटा

पोळ आला दारी, दे गं सुपामधी दाणं
गाई राहिल्या गाभण, गाव झालं लेकुरवाणं

पण गाव आता पहिल्यासारखं लेकुरवाणं राहिलं नव्हतं. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. गाई घटल्या, ज्या राहिल्या त्या दवाखान्यात नळीनं गाभण केल्या जाऊ लागल्या. पोळाची गरज सरली, भूक मात्र तेवढीच राहिली. पोळ्याचा सण झाल्यावर देवळापुढं बैठक बसली तेव्हा भुजंग उभा राहिला. ओढ्याकाठी त्याचा हरभरा असायचा, पोळाची वाट नेमकी तिथूनच.

"गोशाळेचा ट्रक सांगू," तो म्हणाला. "पाप न्हाई, काही न्हाई. तिथं बसून खाईल मस्त."

त्रिवेणी बायांच्या घोळक्यातून पुढं आली होती. "भावजी, तिथं गेला की आधी खच्ची करत्याल त्याला. ह्या आठ-दहा वाड्यांत असल कंधारीचा दुसरा वळू उरला न्हाई. ह्याच्यावर वाण संपंल."

"मंग काय करावं? माझा हरभरा वाणाला पुरवू?"

तेव्हा तिनं त्या अनुदानाचं सांगितलं होतं. ते मिळालं तर देवळामागच्या गायरानाला तारेचं कुंपण घालता येईल, हौद बांधता येईल, वैरण येईल, राखायला पगारी माणूस येईल. पोळ तिथं राहील, गाई तिथं येतील, कुणाच्या काडीला धक्का लागणार नाही. बसवंतअप्पांनी पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला आणि निवाडा दिला, "पोरगी म्हणायलीय तर जाहिरात निघूस्तोर दम खावा. आजवर खाल्लं, आणखी थोडं खाईल." गावानं माना हलवल्या. त्या माना हलल्या तेव्हाच पोळाचा जीव त्रिवेणीच्या पदराला बांधला गेला.

अर्जाचे रकाने सोपे नव्हते. छातीचा घेर, वशिंडापासून शेपटापर्यंत लांबी, चारी बाजूंनी फोटो, समोरून कपाळ नीट दिसेल असा एक. ज्याच्या अंगाला गोऱ्हेपणापासून शिवरात्रीच्या भस्माशिवाय माणसाचा हात लागला नव्हता त्याला फीत कशी लावावी? त्रिवेणी रोज पेंडेचा मुटका घेऊन ओढ्याकाठी जाऊन बसायची. आधी तो फुरफुरायचा, खुरानं माती उकरायचा. मग लांबून बघत उभा राहायला लागला. मग एका सकाळी त्यानं तिच्या हातावरचा मुटका खाल्ला आणि तिच्या तळव्यावर त्याची खरखरीत जीभ फिरली. ती हसली आणि रडलीही. पुढं तर ती दिसली की तोच चालत यायचा. गळ्याखाली खाजवलं की डोळे मिटायचा. फीत लागली, फोटो झाले. सगळे रकाने भरत आले.

एकच राहिला. 'पशुमालकाचे नाव, आधार क्रमांक व कानातील बिल्ल्याचा क्रमांक.'

देवळापुढं तिनं हा रकाना वाचून दाखवला तेव्हा हशा उसळला.

"मालक आत बसलाय," भुजंगनं गाभाऱ्याकडं बोट केलं. "घ्या अंगठा."

"पिंडीला अंगठा कुठून आणावा?" पायरीवरचा एक म्हातारा म्हणाला.

"डोळ्याचं बी चालतं म्हणं आधारला."

"चालतं, पण ह्याला तीन हायती. मशीन बंद पडंल."

त्रिवेणीही हसली. मग म्हणाली, "अप्पा, तुमी सोडला त्याला. तुमचं नाव लिहू का?"

बसवंतअप्पांचं हसू मावळलं. "मी दिला, तवाच हात झटकले. दिलेलं दान माघारी घेणाऱ्याला काय म्हणतेत, ठाऊक हाय न्हवं? माझं नाव न्हाई टाकायचं."

कुणाचंच नाव टाकायचं नव्हतं. रकाना तसाच राहिला. संक्रांत गेली आणि तो एक कोरा रकाना त्रिवेणीला डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा सलू लागला. उद्या जाहिरात निघेल, गाव पुन्हा पायरीवर बसून देवाच्या आधार कार्डावर चेष्टा करील, आणि मुदत मागच्यासारखीच निघून जाईल. बिल्ला लावताना मालकाचं नाव सरकारी नोंदीत चढतं, आणि ती नोंद दिसायला वेळ लागतो. जाहिरात कधीही येईल. आज येईल. जेवायला बसलं की वाटायचं, आत्ता आली असेल. ती उठून मोबाईल बघायची, आणि ताटातली भाकरी वाळून जायची.

एका दुपारी तिनं राजेश्री मॅडमना ओढ्याकाठी बोलावून घेतलं.

"नाव कुणाचं घालू?" मॅडमनी विचारलं.

"माझं घाला. कागदापुरतं."

"गावाला विचारलंस का?"

"इचारत बसले तर जाहिरात येऊन जाईल मॅडम."

राजेश्री मॅडमनी बिल्ल्याची पक्कड पिशवीतून काढली. "हे नाव सहजी निघत नाही हं. जनावर विकलं किंवा मेलं तरच बदलतं."

"घाला."

पोळ त्रिवेणीच्या हातावरची पेंड खात होता. पक्कड दाबली, खट् वाजलं. त्यानं मान झटकली, कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब आला, आणि पिवळा बिल्ला उन्हात चमकला. तो पळाला नाही. एक पाऊल जरी मागं गेला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तो पुन्हा तिच्या तळव्यात तोंड घालून उरलेला भुगा चाटू लागला.

रकाना भरला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्याच सकाळी भुजंग दारात आला. आरडला नाही, ओरडला नाही. चपला काढून ओसरीपाशी उभा राहिला आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "वैनी, तुमचा बैल आमच्या हरभऱ्यात शिरलाय. तेवढा घेऊन जावा."

'तुमचा बैल.' त्रिवेणीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. इतक्या सालांत त्या जनावराला गावात कुणी बैल म्हटलं नव्हतं.

"भावजी, ते नुसतं..."

"देवाचा व्हता तवर देवानं खाल्लं. काल वावरातनं ऐकलं मी, आता कानात तुमचं नाव हाय. देवाला माफ व्हतं वैनी, तुमाला कामून माफ करावं?"

बोलणं वाऱ्यावर गेलं आणि सांजेपर्यंत गावभर झालं. ज्यांच्या रानात पोळानं कधी तोंड घातलं होतं त्या प्रत्येकाला आपलं उजाड झालेलं वावर आठवलं. बसवंतअप्पांनी तिला देवळात बोलावलं. ते पायरीवर बसले नव्हते, उभे होते.

"माझ्या बापाच्या नावानं सोडलेलं जनावर तू तुझ्या नावावर केलंस?"

"कागदापुरतं केलं अप्पा. अर्ज अडला व्हता."

"कागदापुरतं तुझा झाला. मंग देवापुरतं काय उरलं?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "कान टोचलास त्याचा. आमी कधी सुईसुदीक लावली न्हाई. टोचलं, बांधलं की ते गुरू झालं, पोळ न्हाई राहिला."

"मी नाव काढते अप्पा. तुमी विकत घ्या, तुमच्या नावावर..."

"देव विकत घेऊ?"

शेजारी तिचा नवरा सोमेश्वर खाली मान घालून उभा होता. भुजंग आणि बाकीचेही जमले होते; शिवरात्र झाली की गोशाळेचा ट्रक, असं ठरलं.

"आणि तवर जाहिरात आली तर?" तिनं विचारलं.

"आली तर दाखव," भुजंग म्हणाला. ह्यावेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कीव होती, आणि ती जास्त लागली.

मग दिवसांना पाय फुटले. त्रिवेणीनं संस्थेला फोन लावायचा सपाटा लावला. बाजारात गेली की लावायची, रानात रेंज आली की लावायची, बांधावर चढून एका पायावर उभी राहून लावायची. पलीकडची पोरगी गोड बोलायची. दर वेळी म्हणायची, "घोषणा लवकरच होईल, ताई."

"लवकर म्हणजे कवा हो?"

"ते वरून ठरतं. प्रक्रिया थोडी लांबलीय."

"आमचा अर्ज तयार हाय. तसाच पाठवू का?"

"घोषणा झाल्याशिवाय अर्ज घेता येत नाही, ताई."

"एक पत्र तरी द्या. 'निघणार हाय' असं लिहिलेलं. गावाला दाखवते."

"तसं देता येत नाही."

त्रिवेणीनं डोळे मिटून घेतले. "मंग यंदा निघणारच न्हाई असं तरी सांगा बाई. म्हंजे मी आस सोडते."

मग ती पोरगी, गोडवा गळून पडलेल्या आवाजात, म्हणाली, "तसंही सांगता येत नाही ओ. आम्हालाच माहीत नाही." कुणास ठाऊक, तिचाही पगार कदाचित त्याच घोषणेला टांगलेला असेल.

घरात गौराबाई बोलायची थांबली होती. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, सुनेकडं बघायची नाही. सूप पाखडताना नुसता दाण्यांचा आवाज यायचा, वर ओवी यायची नाही. त्रिवेणीला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा तिनं पायाला हात लावला. "आत्याबाई, एकडाव बोला तरी."

"काय बोलू माय?" म्हातारी म्हणाली. "तुझ्या पोटात खोट न्हाई, हे मला कळतंय. पण जे कुणाचंच नसतं त्याला हात लावताना दहादा इचारावं गं."

शिवरात्रीला दरसाल पोळ आपल्या पायानं देवळात यायचा. बाया त्याच्या कपाळाला भस्म लावायच्या, बेल वाहायच्या, पुरणाचा घास द्यायच्या. यंदाही तो आला. गर्दी दुभंगली, वाट झाली, पण हात कुणाचा पुढं आला नाही. पिवळ्या बिल्ल्याकडं बघून बाया पदर सावरून बाजूला झाल्या. तो पिंपळाखाली उभा राहिला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्रिवेणी दिसली तसा तिच्याकडं चालत आला आणि सगळ्या गावादेखत तिच्या खांद्यावर तोंड घासू लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ट्रक आला.

फळी लावली, वर कडबा टाकला, गडी दोर घेऊन उभे राहिले. पोळ देवळामागं होता. पहिला दोर त्यानं नुसत्या मानेच्या हिसड्यानं तोडला. दुसऱ्या खेपेला एक गडी धुळीत लोळला. तो शिंगं रोखून पिंपळाला पाठ लावून उभा राहिला, तोंडाला फेस, आणि पुढं जायची कुणाची छाती होईना. बसवंतअप्पा लांब ओट्यावर तोंड फिरवून बसले होते.

शेवटी भुजंग त्रिवेणीच्या दारात आला. घामानं निथळत होता.

"वैनी, तुमीच चला. तुमच्या हाताला येतोय तो. न्हाईतर काठ्या घालाव्या लागत्याल. मला ते बघवणार न्हाई."

ती हललीच नाही. मग देवळाकडून आरडाओरडा झाला, कुणीतरी 'मारू नका रे' म्हणालं, आणि ती डब्यातला पेंडेचा मुटका उचलून अनवाणी धावली.

तिला बघितल्यावर पोळानं शिंगं खाली घेतली. तिनं त्याच्या गळ्याखाली हात घातला. त्याच्या अख्ख्या अंगाला कापरं भरलं होतं. जाहिरातीसाठी तिनं त्याला माणसाच्या हाताची सवय लावली होती. आता त्याच हातानं फळीवर चढवायचं. तिनं मुटका त्याच्या नाकाजवळ धरला आणि चालू लागली. तो मागं. लोक बाजूला झाले. ट्रक आला. फळी आली. गड्यांनी दोर सावरले.

त्रिवेणी फळीपाशी थांबली नाही. तशीच पुढं गेली.

"वैनी, इकडं! ट्रक इकडं हाय!"

"मालकीण मी हाय न्हवं, भावजी?" ती मागं न बघता म्हणाली. "तुमीच म्हणलात. मंग माझं जनावर माझ्या रानात चरंल."

गाव मागं निघालं. भुजंग, गडी, ट्रकवाला, सगळ्यांच्या पुढं धापा टाकत सोमेश्वर. गावाच्या अंगाला त्यांचं वावर होतं. ज्वारी कमरेच्या वर, कणसं भरलेली, अजून पुरती वाळली नव्हती. घरची वर्षाची भाकरी तिथं उभी होती. बोरीच्या काट्यांचं कवाड त्रिवेणीनं उघड्या हातांनी ओढलं. हाताला काटे भरले.

"तिरवेणी!" सोमेश्वरनं तिचं मनगट धरलं. "वर्साचं खाणं हाय ते."

"माहीत हाय."

"हे किती दिस पुरंल त्याला? त्याच्यामागं काय? जाहिरात न्हाईच आली तर?"

"मला न्हाई ठाऊक ओ," एवढंच ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर ढसढसा रडू लागली. पोळ कवाडात उभा राहून वास घेत होता. मग त्यानं पाऊल आत टाकलं, आणि ज्वारीचं पहिलं ताट मोडल्याचा कडाड आवाज झाला.

सोमेश्वरचा हात तिच्या मनगटावर होता तसाच राहिला. धरल्यासारखा नाही, सोडल्यासारखाही नाही. भुजंग दोर गुंडाळत म्हणाला, "आमच्या बांधावर आला तर मी पुन्हा ट्रक सांगीन वैनी," आणि ट्रकवाल्याला हात करून माघारी वळला. लोकही पांगले. आता ज्वारी मोडल्याचा आवाज तेवढा राहिला.

तेवढ्यात गौराबाई आली. पदर खोचलेला, दोन्ही हातांत विळे. तिनं पोळाकडं बघितलं, उभ्या ज्वारीकडं बघितलं. मग बांधाबांधानं वावराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, वाकली, आणि कापायला लागली.

"माय, कच्ची हाय अजून!" सोमेश्वर ओरडला.

"कच्ची तर कच्ची. तो तिकडून येतोय, आपण इकडून जाऊ. मधी गाठ पडूस्तोर जेवढं निघंल तेवढं आपलं." तिनं दुसरा विळा सुनेपुढं धरला. त्रिवेणीनं काट्यांनी रक्ताळलेला हात लुगड्याला पुसला आणि तो घेतला. सोमेश्वर कवाडातून आत आला आणि पेंढ्या बांधायला ओल्या ताटांचे आळे वळू लागला.

घटकाभरानं त्रिवेणीच्या शेजारून म्हातारीचा आवाज आला.

"खालून काप गं, वाकून. रानात ताटाचं बूड ठिवू नको. कडबा बी त्यालाच लागंल."